बोल्ट रायफलीतच, की वेगळ्या कुलपात?
इशापूर कारखान्याची .३१५ बोरची रायफल घरी असेल, तर बोल्ट (काडतूस पुढे ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आतच ठेवावा की काढून? आत ठेवला की हरवत नाही, सोय होते. पण कपाट फुटलं तर चोराच्या हाती तयार हत्यार लागतं. म्हणून मी वेगळाच ठेवतो. रायफल एका कपाटात, बोल्ट तेलाचा हलका हात फिरवून दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे. बोल्टविना रायफल म्हणजे नुसती नळी!

काढताना आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, मग बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं.

वेगळं ठेवण्यात धोका एकच: दोन रायफली असल्या तर बोल्टची अदलाबदल. हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) चुकला तर काडतुसाचं कवच फाटून गरम वायू थेट तोंडावर येतो. बसवण्याआधी रायफल आणि बोल्ट, दोन्हींवरचे नंबर जुळवाच.