कंपनीचा सबवूफर, सीटखालचा की डिक्कीतला खोका: ऐकून ठरवण्याची रीत

माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा इंजिन, रंग आणि मासिक हप्ता या तिन्ही गोष्टी एका रविवारात निकालात निघाल्या आणि घोडे पेंड खाऊ लागले ते बेसपाशी. मधल्या व्हेरियंटमध्ये चार डोअर स्पीकर आणि दोन ट्विटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) होते. वरच्या व्हेरियंटमध्ये नामांकित ब्रँडची ध्वनियंत्रणा आणि डिक्कीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये बसवलेला सबवूफर, म्हणजे फक्त खोल स्वरांसाठीचा स्पीकर, होता. मधले व्हेरियंट घेऊन सबवूफर बाहेरून बसवून घ्यावा असा तिसरा विचारही होता, आणि त्यातही सीटखालचा की डिक्कीतला खोका, हा उपप्रश्न होताच. मुलुंड आणि ठाण्यातल्या दोन शोरूममध्ये, एका मित्राच्या गाडीत आणि ऑपेरा हाउसजवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात आम्ही हे सगळे प्रकार त्याच त्या चार ध्वनिमुद्रणांवर ऐकले. त्यातून हाती आलेले येथे मांडतो.

शोरूममध्ये गाणे लावल्याबरोबर छातीवर जो दणका बसतो, त्यावर बहुतेक जण भाळतात. तो दणका बहुधा 80 ते 120 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यातला असतो आणि दारातला साडेसहा इंची स्पीकरही तो देऊ शकतो. सबवूफरची खरी गरज त्याच्या खाली लागते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झचा स्वर निघतो आणि पियानोची शेवटची डावी पट्टी 27.5 हर्ट्झवर असते. म्हणून सबवूफरसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने 60 हर्ट्झच्या खाली काय ऐकू येते तेवढेच तपासावे. त्यावरचे दारांचे स्पीकर सांभाळून घेतात.

माहितीपत्रकातला स्पीकरचा आकडा या कामी फारसा उपयोगाचा नाही. नेक्सॉनच्या वरच्या व्हेरियंटमध्ये जेबीएलचे 9 स्पीकर मिळतात, त्यांत चार मुख्य स्पीकर, चार ट्विटर आणि एक सबवूफर अशी वाटणी आहे. क्रेटातील बोसच्या यंत्रणेत 8, तर एक्सयूव्ही 700 मधील सोनीच्या यंत्रणेत 12 स्पीकर आहेत. खोल स्वराचा भार यांतल्या प्रत्येक ठिकाणी मुख्यतः त्या एकट्या सबवूफरवर असतो. बाकीचे आकडे वरच्या स्वरांचे आहेत. ब्रँडच्या नावाबद्दलही थोडे सावध असावे. जेबीएल, हरमन कार्डन आणि इन्फिनिटी ही तिन्ही नावे एकाच हरमन कंपनीची आहेत, जी 2017 पासून सॅमसंगच्या मालकीची आहे, आणि अर्कामिस हे तर स्पीकरचे नाव नसून ध्वनीची जुळवणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे. ‘अर्कामिस साउंड’ लिहिलेले पाहून सबवूफर आहे असे समजणारे दोघे जण मला माहीत आहेत, आणि त्यांतला एक मी आहे.

ऐकण्यापूर्वी गाडी सरळ करून घ्यावी लागते. आम्ही गेलो त्या पहिल्या शोरूममधल्या डेमो गाडीत बेसची पट्टी टोकाला नेऊन ठेवली होती, सराउंडचा परिणाम चालू होता आणि विक्रेत्याच्या पेन ड्राइव्हवर नेमके तेच एक गाणे होते. बेस, मिड आणि ट्रेबल शून्यावर आणावेत, सराउंड बंद करावा, वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सोय बंद करावी, फोनचा स्वतःचा इक्वलायझर काढून टाकावा आणि शक्य असेल तर फोनऐवजी आपलाच पेन ड्राइव्ह लावावा. काचा पूर्ण बंद हव्यात. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, म्हणजे ती केबिनमध्ये मावतच नाही. बंद केबिनमध्ये अशी लहर आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदमच वरखाली करते, त्यामुळे लहान स्पीकरचा खोल स्वरही भरघोस ऐकू येतो. काच चार बोटे उतरवली की हा आयता फायदा गळून जातो आणि चांगली यंत्रणाही फिकी वाटते.

डग्गा, ढोल आणि शुद्ध स्वर

माझी पहिली कसोटी डग्ग्याची आहे. एकल तबलावादनाचे स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्यावे आणि वादक मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा घुमारा खालून वर सरकवतो ती जागा पुन्हा पुन्हा ऐकावी. चांगल्या यंत्रणेत स्वर कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे कानाला सांगता येते. वाईट यंत्रणेत प्रत्येक आघात एकाच ‘ढुम’वर येऊन बसतो, मग वाजवणारा कोणीही असो. दुकानातल्या डिक्कीच्या खोक्याने, त्याचा गेन (आलेला संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारी कळ) बेसुमार वाढवलेला असल्यामुळे, अगदी हेच केले. मित्राच्या सीटखालच्या सबवूफरने घुमारा बऱ्यापैकी सरकवला, पण त्याचा तळ पातळ वाटला. कंपनीच्या यंत्रणेत तो घुमारा सर्वांत सुबक होता, आणि मुख्य म्हणजे तो डॅशबोर्डच्या दिशेने आल्यासारखा वाटत होता, पाठीमागून नव्हे. दारातले स्पीकर आणि सबवूफर यांचा सांधा नीट जुळल्याची ती खूण आहे, कारण कंपनीने ती जुळवणी त्या विशिष्ट केबिनचे मोजमाप घेऊन केलेली असते.

दुसरी कसोटी ढोल-ताशाची. ढोलाचा ठोका पडल्यावर ताशाची तर्री क्षणभर दबते का, आणि ठोका संपल्यावर बेसही संपतो का, एवढेच पाहावे. शेपूट मागे रेंगाळत असेल तर दोष बहुधा खोक्याचा किंवा अतिरेकी गेनचा असतो.

तिसरी कसोटी कोरडी आहे, पण तिच्यापुढे विक्रेत्याचे काही चालत नाही. 100, 80, 60, 50, 40 आणि 30 हर्ट्झचे शुद्ध स्वर दहा-दहा सेकंदांचे करून पेन ड्राइव्हवर घ्यावेत आणि मध्यम आवाजात एकामागून एक वाजवावेत. मोठ्या आवाजात किंवा जास्त वेळ वाजवू नयेत, कारण सलग शुद्ध स्वराने स्पीकरची कॉइल तापते. स्वर खाली उतरताना आवाज हळूहळू कमी होणे साहजिक आहे, एखाद्याच स्वरावर तो उसळणे किंवा मध्येच गायब होणे मात्र चांगले नाही. 30 हर्ट्झवर फडफड ऐकू आली, किंवा तो स्वर 60 हर्ट्झसारखाच वाटला, तर स्पीकर मूळ स्वर देत नसून त्याच्या पटीतले विकृत स्वर देत आहे असे समजावे. कंपनीच्या सबवूफरने 40 हर्ट्झपर्यंत प्रामाणिक साथ दिली आणि 30 वर जवळजवळ मान टाकली. सीटखालचा 50 च्या खाली उतरायला नाखूश होता. डिक्कीतल्या दहा इंची खोक्याने 30 हर्ट्झवर दुकानाच्या काउंटरवरची काच हलवली. यात जादू नाही: उघड्या जागेचे गणित असे की, आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते, आणि सीटखालच्या चपट्या डब्यात तेवढी हालचाल करायला जागाच नसते.

आवाज वाढवला की बेस कुठे जातो

ठाण्याच्या शोरूममध्ये भाच्याने व्हॉल्यूम 12 वरून 25 वर नेला आणि माझ्याकडे वळून विचारले, “मामा, आवाज वाढला, पण बेस कुठं गेला?” ही यंत्रणेतली बिघाडाची खूण नाही. स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक कंपनी-फिटेड सेट व्हॉल्यूम वाढेल तसा खोल स्वर मुद्दाम आवरता घेतात. तपासायचे असेल तर 50 हर्ट्झ आणि 1000 हर्ट्झ हे दोन स्वर 10, 15, 20 आणि 25 व्हॉल्यूमवर आलटून पालटून वाजवावेत. वरचा स्वर चढत गेला आणि खालचा एका जागी अडून राहिला, तर तो सेट कुठून हात आखडता घेतो ते समजते.

बाहेरचा सबवूफर बसवणाऱ्यासाठी तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे, आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. कंपनीचा सेट काढायचा नसेल तर सीटखालच्या सबवूफरला संकेत मागच्या स्पीकरच्या तारांवरूनच द्यावा लागतो, आणि त्या तारांवरचा संकेत सेटने आधीच छाटलेला असतो. परिणामी तुमचा नवा, स्वतंत्र ॲम्प असलेला सबवूफरही वरच्या व्हॉल्यूमवर तितकाच लाजरा होतो. सेटवर छापलेल्या ‘4×50 वॉट’लाही भुलू नये. 14.4 व्होल्ट आणि 4 ओहम या परिस्थितीत गणिताने एका चॅनेलवर जास्तीत जास्त 26 वॉटच स्वच्छ निघू शकतात, आणि प्रत्यक्षात साधारण 20.

याच्या उलट बाजूही आहे. कमी आवाजात आपला कान खोल स्वरांना बधिर असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मांडलेल्या वक्रांपासून हे सर्वमान्य आहे. रात्री बाळ मागे झोपलेले असताना हळू लावलेल्या गाण्यात बेस टिकतो का, हे मुंबईत राहणाऱ्याला जास्त उपयोगाचे, कारण आपली गाडी बहुतेक वेळ पूर्व द्रुतगती मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच सरकत असते. कमी आवाजात बेस आपोआप उचलणारी सोय कंपनीच्या यंत्रणेत असेल, तर या एका परीक्षेत ती बाकी दोघांना मागे टाकते, आणि माझ्या मते हीच परीक्षा सर्वांत जास्त गुणांची आहे.

फोनवरचे डेसिबल मोजण्याचे ॲप वापरायचे असेल तर त्यात ए-वेटिंगऐवजी सी-वेटिंग निवडावे (कोणत्या स्वराला मोजणीत किती वजन द्यायचे त्याच्या या दोन रीती), कारण ए-वेटिंग 50 हर्ट्झवर तब्बल 30 डेसिबल वजा करून दाखवते. (ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण तीही ए-वेटिंगमध्येच. शेजाऱ्याच्या डिक्कीतल्या खोक्याने आपल्या खिडक्या थरथरतात आणि मीटर मात्र गप्प राहतो, त्यामागचे एक कारण हे आहे.)

रस्त्यावर

शोरूमच्या शांततेत ठरवू नये, चाचणी फेरीत ठरवावे. तीन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर फिरते तेव्हा त्याचे ठोके सेकंदाला 50 पडतात, म्हणजे इंजिनाची घरघर नेमकी सबवूफरच्या पट्ट्यात येऊन बसते. चार सिलिंडरमध्ये हाच आकडा 67 च्या आसपास जातो, आणि विजेच्या गाडीत हा प्रश्नच उरत नाही. शिवाय टायरची घरघर वेगाबरोबर वाढते आणि तीही खालच्या स्वरांवरच पांघरूण घालते. अटल सेतूवर ताशी 100 किलोमीटरने जाताना मित्राच्या सीटखालच्या सबवूफरचे अस्तित्व मला शोधावे लागले; त्याच गाडीत कोस्टल रोडच्या बोगद्यात वाहतूक तुंबली तेव्हा तो पुन्हा प्रकट झाला.

खडखड वेगळी ऐकावी. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत सबवूफर लागला की मागून पत्र्याचा आवाज येई. सर्व्हिस सेंटरने दोन खेपांत डिक्कीचे अस्तर उघडून पुन्हा लावले, मला दोन शनिवार बसवून ठेवले आणि ‘कंपनीचा आवाज असाच असतो’ असे सांगितले. शेवटी 45 हर्ट्झचा स्वर चालू ठेवून मी गाडीभोवती फिरलो आणि मागच्या नंबर प्लेटवर बोट ठेवले; आवाज थांबला. प्लेटमागे फोमच्या दुहेरी टेपचे दोन तुकडे लावले, ते आजही आहेत. त्यामुळे चाचणीत एकाने आत बसून 60 ते 40 हर्ट्झचे स्वर वाजवावेत आणि दुसऱ्याने बाहेरून नंबर प्लेट, डिक्कीचे झाकण आणि पार्सल ट्रे दाबून पाहावा.

जागा, पाणी, वॉरंटी

इथे मुंबईचा हिशेब निराळा होतो. सीएनजीची टाकी डिक्कीत असेल तर खोक्याचा विचार बहुतेक गाड्यांत तिथेच संपतो. टाकी नसली तरी गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाच्या डिक्कीत खोक्यासाठी जागा मागून पाहावी. कंपनीचा सबवूफर पॅनेलमध्ये असल्याने तो जागा खात नाही, पण त्याच्या जाळीवर बॅगा रेलल्या की आवाज घुसमटतो, म्हणून तो एकदा भरल्या डिक्कीने ऐकावा. सीटखालचा सबवूफर सोयीचा खरा, मात्र तो गालिच्यावर, म्हणजे केबिनमधल्या सर्वांत खालच्या जागी बसतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा जाऊ द्या, पण हिंदमातासारख्या ठिकाणी एरवीच्या पावसातही पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकते, आणि ते आत शिरले की सर्वांत आधी हाच डबा भिजतो.

वॉरंटीबाबत कंपनीची यंत्रणा निर्धास्त आहे. बाहेरून बसवताना मूळ तारा न कापता त्या मॉडेलसाठी तयार मिळणारे कपलर (जोडणीचे प्लग) वापरण्याची अट लेखी घालावी आणि बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला आहे ना, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे.

वरचे व्हेरियंट सनरूफ, एअरबॅगा किंवा कॅमेऱ्यांसाठी घ्यायचेच असेल, तर त्यातला सबवूफर पुरेसा चांगला आहे आणि त्यात भर घालण्याची घाई करू नये. केवळ बेससाठी व्हेरियंट बदलणे मात्र मला पटत नाही, कारण दोन व्हेरियंटमधल्या फरकाच्या लहानशा भागात सीटखालचा सबवूफर बसतो आणि शहरातल्या वेगाला पुरतो. 40 च्या खालचे स्वर ज्याला खरोखर हवे आहेत आणि डिक्की ज्याची मोकळी आहे, त्याने खोका घ्यावा, पण गेन स्वतःच्या कानाने, डग्गा लावून, ठरवावा.

भाच्याने मधले व्हेरियंट घेतले. सीटखालचा सबवूफर शेजारच्या सीटखाली बसवला, लो-पास (ज्याच्या वरचे स्वर सबवूफरकडे जाऊ द्यायचे नाहीत ती मर्यादा) 80 हर्ट्झवर ठेवला आणि फेजचे, म्हणजे सबवूफरच्या पडद्याची हालचाल उलटसुलट करणारे, बटण दोन्ही बाजूंना करून ज्या बाजूला ढोल भरीव वाटला तिथे ते सोडले. बसवणाऱ्याकडून त्याने एक गोष्ट हट्टाने करून घेतली: तारा एकाच प्लगमध्ये आणि पट्टीला फक्त दोन स्क्रू. मोठ्या भरतीच्या दिवशी मुसळधार पावसाचा इशारा आला की तो डबा सोडवून वर घरी नेतो, आणि त्या दिवशी गाडीत बातम्या ऐकतो.