गाडीचा पार्ट गेला: गुडविल मागावं की ग्राहक आयोगात जावं?

वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांतच महागडा पार्ट गेला आणि दोष मुळातलाच आहे अशी तुमची खात्री असेल, तर पैसे वसूल करायचे व्यवहारात दोनच रस्ते आहेत. डीलरमार्फत कंपनीकडे गुडविल, म्हणजे वॉरंटी संपल्यावरही कंपनीने आपणहून दिलेली सूट, मागायचं, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी (कंपनीने सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्यात म्हणून) तक्रार नोंदवता येते, पण ती सुरक्षेशी संबंधित दोषांसाठी. तुमच्या एकट्याच्या बिलाचं काम तिथे होत नाही.

माझ्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं. आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके, मग एक दिवस चांदणी चौकाच्या चढावर डिस्प्लेवर पान्याचं चिन्ह आलं आणि गाडी जागेवर. कंपनीचं नाव सांगत बसत नाही. मी हे दोन्ही रस्ते चालून पाहिलेत.

गुडविल वाईट नाही. सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेल्या असतील आणि रनिंग बेताचं असेल, तर कंपनीचा एरिया मॅनेजर पार्टच्या किमतीत बऱ्यापैकी सूट मंजूर करून घेतो, लेबर आपण भरायचं. कोर्टकचेरी नाही, गाडी लवकर हातात येते. दोष आपला होता असं कंपनी कबूल करत नाही, पण त्याचं मला काही नव्हतं. मला गाडी हवी होती, माफीनामा नको होता.

डोकं फिरलं ते तक्रार ‘क्लोज’ होण्याने. कस्टमर केअरला फोन केला की तक्रार क्रमांक मिळतो. मग डीलरकडून कुणीतरी फोन करून ‘बघतोय सर’ म्हणतो आणि संध्याकाळी मेसेज येतो की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. गाडी तिकडे वर्कशॉपच्या कोपऱ्यात, बॅटरी उतरलेली, बॉनेटवर धुळीचा थर. पुन्हा फोन लावला की नवा क्रमांक, नवा माणूस आणि पहिल्यापासून रामायण. त्यांच्या सिस्टिममध्ये माझी तक्रार कायम कालचीच! वर्कशॉपमध्ये तक्रार लिहून घेतात त्या जॉब कार्डवरही तीच तऱ्हा. मी सांगितलं ‘गाडी झटके देते’, कागदावर उतरलं ‘जनरल चेकअप’.

हा प्रश्न नुसत्या चिडचिडीचा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत आयोगात जावं लागतं, आणि कंपनीशी चाललेल्या फोनाफोनीने ती मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे वेळ आपलाच जातो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

आयोगात एकदा तक्रार दाखल झाली की क्रमांक एकच, आणि तो क्लोज करणं समोरच्याच्या हातात नसतं. नोटीस मिळाल्यावर कंपनीने 30 दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी 15 दिवस. त्यापलीकडे सवलत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. गाडीसाठी मोजलेले पैसे 50 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. वकील सक्तीचा नाही. ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्यांनी माझा मसुदा तपासून दिला, तेवढ्यावर भागलं.

दुखणी इथेही आहेत. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत, असं कायदा म्हणतो. त्यावर विसंबून पुढचे बेत आखू नका. दुसरं म्हणजे दोष सिद्ध करणं. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेग आणि आघाताची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ नसतो. पण न उघडलेली एअरबॅग डोळ्यांना दिसते, गिअरबॉक्सचा झटका दिसत नाही. तिथे स्कॅन रिपोर्ट आणि फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकांची) प्रिंट लागते, ती दर वेळी मागून घ्या. आणि गिअरबॉक्स बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका, कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

माझं प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही. उत्तर दाखल करायची वेळ आली तशी कंपनी मध्यस्थीला तयार झाली. पार्ट, लेबर आणि टॅक्सीच्या खर्चाचा काही भाग मिळाला. तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदली गेली हे महत्त्वाचं, कारण आदेश मोडला तर कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणणार नाही.

बिल लहान असेल किंवा गाडीवाचून रोजचं अडत असेल, तर गुडविल घेऊन मोकळं व्हावं. मात्र मागणी ईमेलवरच करा आणि ‘क्लोज’चा पहिला मेसेज आला की आयोगाच्या तक्रारीचा मसुदा लिहायला घ्या. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. आणि नवी गाडी मागू नका. 2006 मध्ये मारुतीच्या एका खटल्यात क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता. पार्ट, लेबर, टॅक्सीची बिलं आणि बदललेल्या पार्टवर नव्याने वॉरंटी, एवढं मागावं.