तीन गावांच्या शिवेवरचा दगड आणि सर्वेक्षण विभागाचा नकाशा

जुन्या शिवेचे दगड हुडकण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा ‘ओपन सिरीज’, म्हणजे सर्वांसाठी खुल्या मालिकेतला, नकाशा कितपत कामाचा आहे, एवढ्याच अंगाने हे परीक्षण केले आहे. माझ्या वापरातला नकाशा ‘ई ४३ एच १४’ या क्रमांकाचा असून जुन्या पद्धतीत तोच ‘४७ एफ/१४’ म्हणून ओळखला जाई. पुणे शहराचा बराच भाग, देहू, आळंदी आणि वाघोली एवढा टापू त्यात येतो. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास त्याची पीडीएफ मोफत उतरवून घेता येते, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही हा प्रश्न येथे उद्भवत नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि पायपिटीचा.

नकाशावरच्या खुणांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीपासून सुरुवात करावी, कारण या नकाशांची सूची वाचण्यासारखी असते. सीमास्तंभांच्या ओळीत तीन प्रकार दिलेले आहेत: मोजणी झालेला, जागेवर न सापडलेला आणि जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला. खांब शोधला पण मिळाला नाही, हे सांगण्यासाठी एका सरकारी नकाशाने स्वतंत्र खूण राखून ठेवावी, याचे मला कौतुक वाटते. मात्र या ओळीमुळे अपेक्षा वाढतात आणि तिथेच गफलत होते. या प्रमाणाच्या नकाशावर राज्य, जिल्हा आणि तालुका यांच्या हद्दी काढलेल्या असतात, गावांच्या नव्हेत. त्यामुळे तिगावी दगडाची खूण दिसलीच तर ती रिकाम्या माळावर एकटी उभी असते आणि कोणत्या बाजूला कोणते गाव हे आपणच ताडायचे असते. शिवाय शिवा मिळण्याच्या प्रत्येक जागेची खूण छापलेली असेलच असे नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघसुद्धा २५ मीटर जागा व्यापते. घायपात, निवडुंग आणि करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या बांधावर २५ मीटरचा घोळ म्हणजे गुडघ्याएवढ्या दगडासाठी अख्खी दुपार. जुन्या छापील नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. ते नकाशे एव्हरेस्ट प्रमाणगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर, बेतलेले आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ हे नवे प्रतिमान वापरतो, आणि या दोहोंतल्या फरकामुळे आपल्या भागात माणूस शंभर मीटरहून जास्त भलतीकडे जाऊन उभा राहतो. ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ वरच असल्याने ही कटकट तिच्यात उरलेली नाही, आणि केवळ तेवढ्यासाठीही जुन्या प्रतीऐवजी नवी प्रत वापरावी असे मी म्हणेन.

मग हा नकाशा घ्यायचा कशासाठी? त्याचे उत्तर समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, आहे. गावांच्या शिवा पुष्कळदा टेकडीच्या धारेवरून किंवा ओढ्याच्या पात्रातून जातात, आणि पाणी कुठल्या अंगाला वाहते हे २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांवरून चटकन कळते. दोन ओढ्यांचे उगम आणि मधली धार एकदा ध्यानात आली, की तिन्ही गावांचे शिवार मनात मांडता येते आणि दगड असण्याजोग्या जागा मोजक्याच उरतात. गावनकाशात हे काहीच मिळत नाही, कारण त्यात चढउतार दाखवलेले नसतात.

पुढचे काम मात्र गावनकाशाचेच. आपल्याकडचे जुने गावनकाशे बहुधा १:७९२० प्रमाणाचे, म्हणजे मैलाला आठ इंच या हिशेबाचे असतात. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जेमतेम चार मीटर भरते. गावाच्या कडेने बाहेरच्या अंगाला ‘शिव मौजे’ असे लिहून शेजारच्या गावाचे नाव दिलेले असते, आणि अशी दोन नावे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे आपला दगड. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटाची आकृती घरबसल्या पाहता येते, पण तिथे एका वेळी एकच गाव उघडते. तीन गावांच्या कडा आपल्यालाच जुळवाव्या लागतात, आणि त्या तंतोतंत बसतील अशी आशा धरू नये. मूळ मोजणी ३३ फुटी साखळीने, गावागावाची निराळी झालेली आहे. त्या साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. टिपणातला, म्हणजे मोजणीच्या वेळी केलेल्या नोंदीतला, आकडा एका आण्याने चुकला तरी बांधावर तो फरक दिसतो.

या दोन्ही नकाशांच्या आधी शीव माणसांच्या डोक्यात असे. शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष सर्वांत वजनदार मानली जाई. आजही म्हातारी माणसे हाताने दिशा दाखवून सांगतात, पण विचारण्याची रीत सांभाळावी लागते. जमिनीचे भाव चढलेल्या भागात मोबाइल आणि नकाशा घेऊन फिरणारा अनोळखी मनुष्य एकतर दलाल नाहीतर मोजणीवाला समजला जातो, पण “बाबा, शिवेवरचा म्हसोबा कुठल्या अंगाला?” असे विचारले तर लोक बोलतात. (याच कारणाने मी पाहिलेल्या गावांची नावे येथे देत नाही.) हा प्रश्न सोयीपुरता नाही. शिवेवरच्या दगडाला शेंदूर लागून त्याचा देव झालेला असणे हे नेहमीचेच आहे, आणि शेंदराच्या थरावर थर चढले की माथ्यावर खोदलेली फुली डोळ्यांना दिसत नाही, बोटाने चाचपूनच कळते. तो थर खरवडण्याचा मोह कोणी करू नये. एक तर ते देवस्थान असते, आणि हद्दीच्या निशाणीची मोडतोड महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडास पात्र आहे.

गुण द्यायचेच झाले तर पाचापैकी साडेतीन देईन. डोंगराळ भागात काम करणाऱ्याने हा नकाशा जरूर घ्यावा. नदीकाठच्या सपाट, काळ्या रानात मात्र समोच्च रेषाच विरळ होतात, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही आणि थेट गावनकाशावरूनच निघावे. ज्यांना बांधाचा वाद मिटवायचा आहे, त्यांनी या दोहोंपैकी कशावरही विसंबू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा रीतसर अर्ज करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, घ्यावी लागते.