साईडकार लावलेली बुलेट, नऊ महिने आणि मागचा तिसरा टायर

गेल्या महिन्यात बुलेटचा मागचा टायर बदलला. फेब्रुवारीत साईडकार बसवली तेव्हा नवा घातला होता, एप्रिलअखेर दुसरा, आणि आता हा तिसरा. टायरवाल्याने जुना काढून भिंतीला टेकवला तेव्हा मी मुद्दाम वाकून बघितला. मधोमध दोन बोटांएवढा पट्टा टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत. आणि दोन्ही कडांना, नव्या टायरला असतात त्या रबराच्या बारीक मिशा तशाच्या तशा! म्हणजे पैसे मोजले अख्ख्या टायरचे आणि वापरला दोन बोटं. २,६०० रुपये. हे लिहिण्यामागे निम्मा तो राग आहे, हे आधीच कबूल करतो.

गाडी कोणती ते थोडक्यात. २०१५ ची बुलेट ३५०, दोन्ही चाकांना ३.२५-१९ टायर. डाव्या बाजूला साईडकार, तिचं चाकही १९ इंचीच. कारण आईचे गुडघे. स्कूटरवर मागे बसणं तिला जमेना, रिक्षाला रोज कोण पैसे देणार, आणि चारचाकी घेण्याची ऐपत असती तर टायरच्या मिशा मोजत बसलो नसतो. स्कूटर विकली, साईडकार घेतली. आरसीवर नोंद करून घ्या, ते टाळू नका. बाकी मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, मोटरसायकलच्या व्याख्येतच सुट्या होणाऱ्या साईडकारचा उल्लेख आहे. चाकं तीन झाली तरी कागदावर ती मोटरसायकलच राहते. टायरला मात्र हे कोणी सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी आई आत बसली, वरचं कापडी छप्पर ओढलं आणि म्हणाली, "मखरात बसवलंस मला. आता वर माटोळी तेवढी बांध." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट. सोय म्हणून दहापैकी दहा. दर सोमवारी आमच्या गोव्यातल्या मयेहून नार्व्याला सप्तकोटेश्वराला जातो, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गाडी नेता येते, उतरताना तिला कोणाचा हात लागत नाही. मायलेज ३६ वरून २६ वर आलं. वेग पन्नासच्या वर मी नेत नाही, नेऊही नये.

आता टायर. साध्या मोटरसायकलचा टायर गोल पोटाचा असतो, कारण गाडी वळणावर कलते. उजवीकडे कलली की उजवी कड रस्त्याला लागते, डावीकडे कलली की डावी. झीज वाटली जाते. साईडकार लावली की गाडी कलतच नाही. रोजचं म्हापसा जाणं-येणं असो की चोर्ला घाट, रस्त्याला लागतो तो एकच मधला पट्टा. आणि गोल पोटाचा टायर सरळ उभा असताना जमिनीला टेकतो तो भाग तळहाताएवढाही नसतो. त्या तेवढ्या रबराने आता गाडी, मी, आई, साईडकारचं लोखंड आणि आईची पिशवी एवढं सगळं ओढायचं. त्यात साईडकार बसवणाऱ्या फिटरने पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी केला होता, "ताकद वाढेल" म्हणून. वाढली. पण ती ताकद मागच्या चाकाने रस्त्याला द्यायची कशी, याचा विचार त्यानेही केला नाही आणि मीही नाही.

पहिला झटका एप्रिलमध्ये बसला, तोही कोरड्या रस्त्यावर. मयेच्या उतारावर काजूची बोंडं पडून, गाड्यांखाली चिरडून त्यांचा लगदा झाला होता. उजवं वळण होतं. मी घाबरून थ्रॉटल एकदम सोडला आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे निघाला. पडण्याचा प्रश्न नव्हता, तीन चाकं आहेत, पण तोंड फिरून थेट कुंपणाच्या चिऱ्यांकडे. आई म्हणाली, "तिकडे काय आहे?" काही नाही, म्हटलं.

असं का होतं ते मला फार उशिरा कळलं. ओढणारं चाक उजव्या बाजूला, ओझं डाव्या बाजूला. थ्रॉटल दिला की साईडकार मागे राहते, गाडी डावीकडे ओढते. थ्रॉटल सोडला किंवा मागचा ब्रेक दाबला की साईडकार तशीच पुढे जाऊ बघते, गाडी उजवीकडे वळते. उजव्या वळणावर तर वजन आधीच साईडकारच्या चाकावर गेलेलं असतं, मागचं चाक हलकं झालेलं. त्याच वेळी थ्रॉटल सोडला तर हलक्या चाकाला इंजिन मागे खेचतं, आणि चाक हात सोडतं. म्हणून उजव्या वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळणात किंचित थ्रॉटल ठेवायचा. डाव्या वळणावर भीती वेगळी, रिकामी साईडकार उचलली जाते. त्यावर उपाय सोपा, आई नसेल तेव्हा आत पाण्याचे दोन कॅन.

त्या महिन्याच्या शेवटी पहिला टायर संपला. ३,१०० किलोमीटर! साध्या बुलेटला मागचा टायर मला दहा-बारा हजार सहज द्यायचा. मी वॉरंटी मागायला गेलो. दुकानात आलेल्या कंपनीच्या माणसाने खोली मोजायचं गेज तीन ठिकाणी लावलं आणि "असमान झीज, क्लेम बसत नाही" एवढं लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. साईडकारच्या फिटरला फोन केला, तो परराज्यातला, म्हणाला तुमच्या गोव्याचे रस्तेच तसे. त्यालाही बोललो. टायर निकृष्ट, क्लेमवाला चोर, फिटर बरा पण आळशी, असं माझं मत जुलैपर्यंत पक्कं होतं. हे तेव्हा लिहिलं असतं तर तसंच लिहिलं असतं.

जूनमध्ये पाऊस आला. डिचोली-साखळीकडचा पहिला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने खाणी बंद झाल्या तेव्हा रस्ते थोडे काळे दिसायला लागले होते. आता खनिजाचे ट्रक परत दिसतात आणि त्यांच्यामागे सांडलेली तांबडी भुकटी. पहिल्या सरीत तिचं लोणी होतं. दुचाकीवाले पाय खाली सोडून जातात. आपण तीन चाकांवर ऐटीत, आणि मागचं चाक मात्र सिग्नलला सुटताना जागीच फिरतंय. पहिल्या गिअरमध्ये तर नक्कीच. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरने उठतो. क्लच थोडा जळतो, जळू दे, टायर त्याहून महाग पडतो.

जुलैतली गोष्ट. मावशी दिवाडीला असते. नार्व्याहून फेरीने पलीकडे गेलो, जेवलो, परतताना मावशीने वीस किलो उकडे तांदूळ दिले. ती पोती साईडकारच्या नाकात, आईच्या पायांपुढे. नार्व्याच्या बाजूला पोचलो तेव्हा ओहोटी. फेरी रॅम्पच्या अगदी खालच्या टोकाला लागली, जो भाग एरवी पाण्याखाली असतो, हिरव्यागार शेवाळाचा. फळी पडली, खलाशी हात वर करून म्हणाला, "सवकास, भाई, हांगा निसरता." मी सवकासच निघालो. पुढचं चाक चढलं, साईडकारचं चढलं, मागचं रॅम्पवर आलं आणि तिथेच घूं करून फिरायला लागलं. जास्त थ्रॉटल दिला तर पुढचं तोंड डावीकडे, पाण्याच्या दिशेने. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवताहेत. आई उतरायला तयार नाही, गुडघे, शेवाळ, आणि मुळात तिला यात काही गैर दिसत नव्हतं. छत्री उघडून बसली होती.

खलाशाने एक नजर टाकली. काही न विचारता साईडकारमधली तांदळाची पोती उचलली, माझ्या मागच्या सीटवर टाकली आणि स्वतः तिच्यामागे कॅरिअरला धरून कसाबसा चढून बसला. "आतां मार." दुसरा गिअर, थोडासा थ्रॉटल, आणि गाडी मुंगीसारखी सरळ वर चढली. वर आल्यावर तो उतरून चालत गेला, मी आभार मानीपर्यंत फळी उचलली होती.

रात्रभर डोक्यात तीच पोती. वजन तेवढंच होतं, माणूस एक जास्तच झाला, तरी गाडी चढली. साईडकारमध्ये ठेवलेला प्रत्येक किलो बहुतेक साईडकारच्या चाकावर जातो. ओढावा लागतो मागच्या चाकाला, पण त्या चाकाला दाबून धरायला त्याचा उपयोग नाही. आता बाजारहाट, गॅसची टाकी, जे काही असेल ते मागच्या सीटवर. भाचा बरोबर असेल तर साईडकारमध्ये नाही, माझ्यामागे. त्याला ते पटलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात म्हापशाच्या एका जुन्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने खिडक्यांसाठी वापरतात तसल्या दोन लांब अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणल्या, एक बुलेटच्या दोन्ही चाकांना लावली, एक साईडकारच्या चाकाला, आणि टेपने पुढचं व मागचं अंतर मोजलं. साईडकारचं चाक गाडीच्या दिशेने किंचित आत वळलेलं असावं लागतं, पंधरा-वीस मिलिमीटर. माझं बेचाळीस. म्हणजे बाजूला बघत चालणाऱ्या माणसाला हाताला धरून नेल्यासारखं, मागचा टायर रोज थोडा आडवा घासत होता. मेस्त्रीने मधल्या पट्ट्यावरून बोट फिरवायला सांगितलं, एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं. "टायर चांगलो आसा," म्हणाला. क्लेमवाला माणूस बरोबर होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली, प्रत्यक्ष जाऊन मागायचं धाडस अजून झालेलं नाही. फिटरला फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मेस्त्रीने अठरावर आणलं, गाडी उजवीकडे एक चिमूटभर कलती ठेवली, कारण रस्त्याचा उतार कडेला, म्हणजे आपल्या डावीकडे असतो. साडेचारशे रुपये आणि एक चहा. दुसरा टायर तोवर अर्धा गेला होता, तरी ५,९०० पर्यंत टिकला. हवा कमी ठेवून जास्त रबर टेकवायचा प्रयोगही केला, २६ वर. हँडल जड झालं, टायर गरम व्हायला लागला, परत ३० वर आलो. मूळच्या रशियन उराल गाड्यांमध्ये काही मॉडेलना साईडकारच्या चाकालाही इंजिनची ताकद जोडता येते, ती चिखलापुरती. तिची किंमत विचारू नका. परदेशात पुढे दोन, मागे एक चाकवाल्या स्पायडरला मागे मोटारीसारखा रुंद, चपटा टायर येतो, २२५/५०आर१५. चपट्या टायरचं खरं कारण आता कळतं. आपल्या १९ इंची रिमला तसला टायर मिळत नाही, रिम बदलायला मेस्त्रीने सांगितलेल्या आकड्यात मला असे सहा टायर येतात.

तेव्हा तिसराही गोल पोटाचाच घेतला. यावेळी मधल्या खाचेची खोली दर एक तारखेला मोजून वहीत लिहितोय. सातशे किलोमीटर झाले, आकडा हललेला नाही, किंवा माझा हात थरथरला असेल.

टायरवाला म्हणाला, जुना ठेवून जा, पन्नास रुपये देतो. नाही दिला. पहिला टायर मे महिन्यापासून अंगणात आडवा पडलाय, आईने त्यात अबोली लावली आहे. पाणी घालताना ती एकदा म्हणाली, कडेने तर नवाच दिसतो रे, उगाच काढलास.