लातूरच्या ट्युशन एरियातली मेस : नांदेडच्या एका आईचा रिव्ह्यू

दोन महिने झाले लिहीन लिहीन म्हणायलेय, आज रविवार आहे, हे बाहेर गेलेत, एकदाचं लिहूनच काढते. ज्यांची लेकरं यंदा लातूरला अकरावीला नाहीतर नीटच्या रिपीटर बॅचला जाणार आहेत त्या आईबापांनी, खास करून आमच्या नांदेडच्या लोकांनी, नीट वाचा कारण क्लास कोणता हे सगळेच सांगतात, मेस कोणती हे कोणीच सांगत नाही आणि लेकरू वर्षभर जगतं ते मेसच्या ताटावर.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. लग्नाला २१ वर्षं झाली, आणि आमच्या घरात ह्या दोन गावांची जुगलबंदी पहिल्या दिवसापासून चालू आहे. ह्यांचं म्हणणं, तुमच्या लातूरला नदी नाही, आमच्याकडं गोदावरी वाहते, १७०८ साली गुरु गोविंदसिंगजी जिथं राहिले ते आमचं गाव, सगळ्या जगातून लोक हुजूर साहिबला माथा टेकायला येतात, लंगरात बसलेल्याला कोणी जात विचारत नाही का गाव विचारत नाही. मी म्हणते सगळं खरं, पण पोरं शिकवावी ती लातूरनं. राजर्षी शाहू कॉलेजचं नाव घेतलं की मेरिट लिस्टच्या जमान्यात अख्खा महाराष्ट्र लातूरकडं बघायचा, लातूर पॅटर्न हा शब्दच त्यातून आला. मग हे म्हणतात, तुमच्या त्या कॉलेजच्या डिग्रीवर शिक्का कोणत्या विद्यापीठाचा? तर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा, १९९४ ला झालं, आणि ते आहे नांदेडला. इथं मला गप्प बसावं लागतं. मुख्यमंत्र्यांचं काढलं तर बरोबरी आहे, त्यांचे शंकरराव आणि अशोकराव, आमचे निलंगेकर साहेब आणि विलासराव. विभागीय आयुक्तालयाचा विषय तर जेवताना काढायचाच नाही असा आमच्याकडं नियम आहे. २००९ ला नांदेडला आयुक्तालय करायचं ठरलं तेव्हा लातूर पेटून उठलं होतं, माझा भाऊ मोर्चात होता आणि इकडं माझे दीर पेढे आणायला निघाले होते, शेवटी आजपण मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचं आयुक्त ऑफिस संभाजीनगरलाच आहे आणि दोन्हीकडची माणसं फायली घेऊन तिकडंच जातात.

तर अशा घरातली आमची पोरगी. बारावी नांदेडातच झाली, नीटला सरकारी कॉलेज लागण्याइतके मार्क आले नाहीत, आणि तिनं स्वतः सांगितलं की मला रिपीट लातूरला करायचंय. ह्यांना फार लागलं. आपल्या नांदेडच्या भाग्यनगरातल्या क्लासेसना काय कमी आहे, आपल्याकडं तर तेलंगणाच्या सीमेवरून पोरं येतात, असं आठ दिवस चाललं. पण पोरगी म्हणाली पप्पा मला घरापासून लांब बसून अभ्यास करायचाय, आणि मग ते स्वतःच तिची गादी बांधून एसटीत बसले.

पहिले दीड महिना ती ट्युशन एरियातल्याच दुसऱ्या एका मेसला होती, नाव लिहीत नाही. वरणात डाळ शोधावी लागायची, पोळी सकाळची संध्याकाळी, आणि भाजी रोज बटाटा, कधी रस्सा कधी सुका एवढाच फरक. हे सगळं मी सहन केलं असतं, मेस म्हणलं की थोडंफार असं चालायचंच. पण एकदा मी अचानक गेले तर पोरीचे गाल आत गेलेले. विचारलं जेवतेस का तर म्हणाली, कधी कधी जात नाही मम्मी, टेस्ट असली की राहून जातं. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे, आणि त्या मेसवाल्याला पत्तापण नव्हता. पत्ता असायचं कारणच काय, पैसे महिन्याचे आधीच घेतलेले, जे पोरगं जेवायला येत नाही ते मेसवाल्याच्या फायद्याचं. माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं की मेस बघायची तर हे बघायचं, पोरगं आलं नाही तर तिथं कोणाला कळतं का.

माझ्या माहेरच्या एका मैत्रिणीनं मग ह्या काकूंचं सांगितलं. नाव टाकत नाही कारण काकूंनीच नको म्हणलंय, ४० ताटं लावतात, त्याच्यावर एक घेत नाहीत. राहतं घरच आहे, खालच्या हॉलमध्ये भारतीय बैठक, वरच्या मजल्यावर त्या स्वतः राहतात. काकू निलंगा तालुक्यातल्या, काका रिटायर्ड. स्वयंपाकाला काकू आणि आणखी दोघी.

आता जेवणाचं. दोन टाइमचं महिन्याला ३२०० रुपये, सकाळचा नाष्टा पाहिजे तर ७०० वेगळे. दुपारी पोळी, रात्री ज्वारीची भाकरी, आणि ही भाकरी मी स्वतः तव्यावरून उतरताना बघितली, एक बाई थापायलेली, दुसरी तव्यावर पाणी फिरवून उलटायलेली, आणि तिसऱ्या बाजूनं निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी थेट ताटात. गॅसवर नाही, मागच्या अंगणात चूल आहे. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असतेच, खलबत्त्यात कुटलेली, वरून करडईचं तेल, काकू तेलाचं भांडं घेऊन स्वतः ओळीनं फिरतात. वरण ही तर त्यांची खासियत. डाळ त्यांच्या भावाच्या शेतातली, बोरसुरीची. बोरसुरीच्या तुरीला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर ह्यांनापण त्याच वेळी मिळाला, आणि काकूंच्या आंबट वरणात डाळ बोरसुरीची असते आणि चिंच पानचिंचोलीची. मी लातूरची लेक, लहानपणापासून हे वरण खाल्लेलं, तरी पहिला घास घेतल्यावर मला माझ्या आजीचं घर आठवलं. डाळ शिजून पार मऊ, पण पळीतून पडताना जाड धार पडते, पाणी वेगळं आणि डाळ वेगळी असं अजिबात नाही.

आठवड्यातून एकदा धपाटे-दही, एकदा शेंगोळे, पाहुणे आले तर येसराची आमटी. बुधवारी निलंगा राईस, पिवळाधमक, लसूण भरपूर, वरून तळलेली मिरची, पोरं त्या दिवशी दहा मिनिटं आधीच येऊन बसतात. नांदेडच्या पोरांना तिखटाची सवय असतेच तेव्हा काही अडचण येत नाही, पण पुण्याकडची एक मुलगी होती तिच्यासाठी काकू वेगळं फिकं काढायच्या.

पाण्याचं सांगते. आरओचं पाणी आहे, जार भरलेले असतात. पण काकूंचा एक नियम आहे, ग्लास अर्धाच भरायचा, पाहिजे तर परत घ्या पण पूर्ण भरून अर्धं टाकायचं नाही. आमचे हे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा त्यांनी काठोकाठ भरला आणि वर म्हणले, आमच्या नांदेडला विष्णुपुरी धरण आहे, पाण्याला तोटा नाही. काकू काही बोलल्या नाहीत. काकांनी सांगितलं मग. २०१६ चा एप्रिल, मांजरा धरण कोरडं पडलेलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत १० टाक्या, ५ लाख लिटर. तेव्हा मेसमध्ये २५ पोरं होती, काकूंनी बहुतेकांना गावाकडं पाठवून दिलं, परीक्षेची म्हणून जी सात राहिली त्यांच्यासाठी काका पहाटे चारला घागरी घेऊन टँकरच्या लाइनीत उभे राहायचे, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायचे. हे ऐकल्यावर ह्यांनी तो ग्लास पूर्ण पिऊन टाकला आणि लातूरच्या पाण्याविषयी त्यानंतर एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. बाकी सगळ्यावरून भांडतात, पाण्यावरून नाही.

काकू ह्यांना दाजी म्हणतात. मी लातूरची म्हणल्यावर हे गावाचे जावई झाले ना. महिन्यातून एका रविवारी आम्ही जातो, लातूर ते नांदेड १४० किलोमीटरच्या आसपास, लोहा-अहमदपूर-चाकूर करत एसटीनं तीन-साडेतीन तास, माझं अर्धं तिकीट. पाहुण्याचं ताट ८० रुपये आहे पण दाजीकडून कधी घेतले नाहीत, उलट म्हणतात, जावयाकडून जेवणाचे पैसे घेतले तर लातूरची अब्रू जाईल. मग काका आणि हे बसतात. काका म्हणणार आमची गंजगोलाई बघितली का, १६ रस्ते एका जागी येतात, मधोमध जगदंबेचं मंदिर, असा बाजार मराठवाड्यात दाखवा. हे म्हणणार आमच्या होळीला या, हल्लाबोलची मिरवणूक बघा, निहंगांचे घोडे बघा मग बोलू. शेजारी बसलेली पोरं हसून हसून बेजार, त्यातली निम्मी नांदेड-परभणी-हिंगोलीची, निम्मी लातूर-धाराशिवची, तीपण दोन पार्ट्या पाडतात. मागच्या महिन्यात काकांनी खरंच नांदेडला येऊन दर्शन घेतलं, लंगरात जेवले, आणि परत जाऊन पोरांना सांगितलं की असं अन्नदान मी जन्मात बघितलं नाही. ह्यांना हे पोरीनं फोनवर सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, इतका आनंद.

आता मी हा रिव्ह्यू का लिहायलेय ते. भिंतीवर एक वही टांगलेली आहे, शाळेच्या हजेरीसारखी. ४० नावं, प्रत्येक नावापुढं दोन रकाने, सकाळ आणि रात्र. पोरगं ताटावर बसलं की काका टिक करतात. सलग दोन टाइम टिक पडली नाही तर काकू फोन करतात, आधी पोराला, नाही उचलला तर घरी. नोव्हेंबरात एका रात्री साडेनऊला मला फोन आला, "ताई, तुमच्या लेकीनं आज दोन्ही टायमाला ताट लावलं नाही, तुम्हाला काही म्हणली का?" मला काहीच माहीत नव्हतं. पोरगी तापानं फणफणलेली, होस्टेलच्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेली, मम्मी घाबरेल म्हणून सांगितलं नाही. काकू त्या वेळी स्वतः रिक्षानं गेल्या, सोबत स्टीलच्या डब्यात मुगाची मऊ खिचडी, डॉक्टरकडं नेलं, रात्री अकराला मला व्हिडिओ कॉल लावून पोरगी खिचडी खाताना दाखवली. मी पहाटेच्या एसटीनं पोचले तर पोरगी काकूंच्या वरच्या घरात झोपलेली होती, कपाळावर ओली पट्टी. रिक्षाचे, औषधाचे पैसे विचारले तर ७२० रुपयांची चिठ्ठी दिली, एक रुपया जास्त नाही.

डिसेंबरात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. नांदेड शहरात आम्हाला हा सण एवढा माहीत नाही, पण लातूर त्या दिवशी रिकामं होतं, कलेक्टर सुट्टी देतात, सगळं गाव शेतात. मेस बंद असणार म्हणून मी पोरीला म्हणलं बाहेर काहीतरी खा. तर काकूंनी ज्यांची गावं लांब अशा ११ पोरांना टेम्पोत घालून भावाच्या शेतात नेलं. कडब्याची कोप, त्यात पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. पोरीनं आंबिलीचा फोटो पाठवला, मातीच्या मडक्यात, वर लसणाचे बारीक तुकडे तरंगायलेले, आणि खाली लिहिलेलं, पप्पांना सांग हे नांदेडला मिळत नाही.

कमी काय आहे तेपण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. जागा अपुरी आहे, दुपारी दीडला क्लास सुटला की बसायला पाळी लावावी लागते. रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे टेस्ट देऊन आलेल्या पोरांना नेमकं त्या दिवशी बाहेर खावं लागतं, हे मला पटत नाही आणि मी काकूंना तोंडावर सांगितलंय. भात थोडा जास्त शिजतो. डबा पोचवायची सोय नाही, ताटावर यावंच लागतं, पण त्या वहीमुळं मला हेच बरं वाटतं. ज्यांना फोन बघत जेवायचं त्यांनी येऊच नये, फोन दारातल्या टोपलीत ठेवावा लागतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. ह्यांना विचारलं तर साडेचार म्हणले, अर्धा रविवार रात्रीचा कापला.

परवा पोरीचा फोन आला, स्पीकरवर होता. आमच्याकडं नांदेडला विचारतात "जेवायलाव का", आणि ती सरळ म्हणाली, "पप्पा, जेवूलालाव का?" अस्सल लातुरी. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणले, "जेवूलालाव बाई, तुझ्या काकूच्या डाळीचं वरण केलंय मम्मीनं." पाच किलो आणली होती मागच्या खेपेला, संपत आली, पुढच्या रविवारी परत आणायचीय.