केंद्रीय सैनिक बोर्ड: काकांच्या अर्जानिमित्त दहा महिन्यांचा अनुभव

काकांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आर्मी नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा गोल शिक्का आणि 'कॅरेक्टर: एक्झेम्प्लरी' ही नोंद शाबूत. तिथपासून आमचे दहा महिने सुरू झाले. केंद्रीय सैनिक बोर्ड या माजी सैनिकांच्या कल्याणाच्या सरकारी संस्थेबद्दल मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

काका १९६९ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. आजोबा गेल्यावर शेतीकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून १९७८ला नाव कापून, म्हणजे स्वतःहून नोकरी सोडून, घरी आले. पेन्शनची पंधरा वर्षं भरली नाहीत, म्हणजे पेन्शन नाही. आता वय ७४. अशा विनापेन्शन माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं दरमहा अनुदान असतं, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. हवालदार हुद्द्यापर्यंतचे आणि ६५ वर्षांवरचे जवान किंवा त्यांच्या विधवा त्यासाठी अर्ज करू शकतात. आम्ही अर्ज केला तेव्हा रक्कम ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ती ८,००० झाली आहे.

या बोर्डाचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. १९१७मध्ये इंग्रज सरकारने भरती वाढवण्यासाठी सेंट्रल रिक्रूटिंग बोर्ड काढलं. युद्ध संपलं, भरतीची गरज सरली, पण घरोघरी विधवा, जखमी आणि बेकार जवान उरले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, यावरून अंदाज यावा. मग १९१९मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. पुढे त्यात नौदल आणि हवाई दलही आलं आणि १९७५मध्ये त्याचं केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. संरक्षणमंत्री अध्यक्ष, कचेरी दिल्लीत आर. के. पुरमला, राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि खाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माणसं नेण्यासाठी जी यंत्रणा गावापर्यंत पोचली होती, तीच पुढे परत आलेल्यांची चौकशी करायला लागली. माझ्या मते या संस्थेचा खरा जीव आजही त्या जिल्ह्याच्या खोलीत आहे, ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर नाही.

पोर्टलबद्दल आधी सांगतो. ते चालतं. नोंदणी होते, अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. आमचा घोळ आमच्याच गावच्या एका इंटरनेट सेंटरमुळे झाला. त्या माणसाने ५०० रुपये घेतले, आर्मी नंबरमधला एक आकडा चुकवला आणि डिस्चार्ज बुकाची फक्त दोन पानं चढवली. अर्ज शेरा मारून परत आला. काका तेव्हा म्हणाले, "राहू दे आता. मी देशाकडं कधी हात पसरला नाही." त्यांच्या आवाजातला तो उतार मला फार लागला.

मग आम्ही थेट जिल्ह्याला गेलो. तिथले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार. काकांनी दारातच सवयीने टाचा जुळवल्या. साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, डिस्चार्ज बुक हातात घेतलं आणि एकेक पान नखाने सोडवत शेवटपर्यंत वाचलं. काकांची 'हात पसरण्याची' गोष्ट ऐकल्यावर त्यांनी टेबलावरचा सशस्त्र सेना ध्वजदिनाचा छोटा झेंडा पुढे सरकवला: लाल, गडद निळा, फिका निळा. १९४९पासून दर ७ डिसेंबरला या झेंड्यांवर निधी गोळा होतो आणि हे अनुदान त्या ध्वजदिन निधीतून येतं. "शाळेतली पोरं डब्यात पैसे टाकतात ना, काका, ते तुमच्यासाठीच असतात." काकांनी त्या दिवशी अर्जावर सही केली.

अर्ज जिल्ह्यातून राज्याकडे आणि तिथून दिल्लीला जातो. त्यामुळे धीर धरावा लागतो. आमचे पैसे सातव्या महिन्यात थेट खात्यावर जमा झाले. डिस्चार्ज बुकाची सगळी पानं, कोरीसुद्धा, मूळ पुस्तकावरून स्कॅन करा. आधार, पासबुक आणि डिस्चार्ज बुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. स्वतःहून नाव कापलेल्यांनी ती तारीख आधी बघावी, कारण १ जुलै १९७९ आणि १ जुलै १९८७ या दोन तारखांना 'माजी सैनिक' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठीही वेगळी मदत मिळते, पण त्याचा अनुभव मला नाही.

एक गोष्ट मनापासून खटकते. ज्यांना या पैशाची सर्वांत जास्त गरज आहे, ते पेन्शनवाल्यांच्या मेळाव्याला जात नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण त्यात मोडत नाही. आमच्याच गावात असे आणखी तिघे निघाले. त्यातल्या एकाचं डिस्चार्ज बुक पुरात गेलंय, त्याच्या डुप्लिकेटसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

आमचंही एक काम बाकी आहे. डिस्चार्ज बुकात काकूचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. उद्या काकांच्या मागे काकूला अर्ज करायची वेळ आली तर तिथेच अडेल, हे सुभेदार साहेबांनीच लक्षात आणून दिलं. प्रतिज्ञापत्र करून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथे काकांच्या रेजिमेंटच्या नोंदी असतात, पाठवलंय. पोचपावती काकूने स्वतः त्याच ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या आत ठेवली आहे.