पोस्टग्रेस : नऊ वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर मी 2016 च्या अखेरीपासून सांभाळते. तो पोस्टग्रेसचा, म्हणजे PostgreSQL या मुक्त डेटाबेस प्रणालीचा आहे. 9.6 या आवृत्तीने सुरुवात झाली आणि सध्या 17 चालू आहे. मागांचे उत्पादन, सुताचा साठा आणि कामगारांचा आठवड्याचा पगार असे सगळे त्यावर चालते. त्याच्या वेगाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी येथे त्याचा सोर्स कोड कसा सांभाळला जातो आणि तो वाचता येत असल्याचा आमच्यासारख्या लहान ठिकाणी काय उपयोग होतो, याविषयी लिहिते.

हा कोड जुना आहे. 1986 मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी त्याच्या मूळ प्रकल्पाची सुरुवात केली आणि 1996 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. इतक्या वर्षांत अनेकांचे हात लागलेला सी भाषेतील कोड म्हणजे गुंता असणार, अशी माझी धारणा होती, पण ती टिकली नाही. मांडणी सर्वत्र एकसारखी आहे, अवघड भागांच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र रीडमी (माहिती देणारी) फाइल आहे, आणि कमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपांमध्ये, एखादी गोष्ट का केली आणि कोणता सोपा मार्ग का टाळला, हेही लिहिलेले असते. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि त्या दर तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे येतात. दुरुस्तीची आवृत्ती चढवताना डेटाचे स्वरूप बदलत नाही, त्यामुळे आम्ही ते काम पाळी बदलताना उरकतो.

वाचनाचा खरा फायदा कळला तो मागांच्या टेबलामुळे. आमचे 312 माग आहेत आणि प्रत्येक मागाची स्थिती दर मिनिटाला नोंदली जाते, म्हणजे 312 ओळींच्या एवढ्याशा टेबलात दिवसाला 4,49,280 बदल होतात. पोस्टग्रेस बदललेली ओळ जागच्या जागी खोडत नाही. नवी ओळ लिहून जुनी तशीच ठेवतो आणि मागाहून व्हॅक्यूम हे साफसफाईचे काम ती जागा मोकळी करते. एका सोमवारी सकाळी हे टेबल शंभर एमबीच्या वर गेलेले दिसले आणि संगणकावर मागांची स्थिती दाखवणारा पडदा उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागू लागला. ऑटोव्हॅक्यूम (आपोआप होणारा व्हॅक्यूम) चालू होता, लॉगमध्ये त्याच्या नोंदीही होत्या, पण एकही ओळ निघत नव्हती. मेलेल्या ओळी ठरवणारी फाइल उघडून पाहिली, तेव्हा तेथील कमेंटने उलगडा झाला. एखाद्या जुन्या व्यवहाराला (डेटाबेसवर सुरू होऊन अजून न संपलेल्या कामाला) ती ओळ अजून दिसू शकत असेल, तर तिला ‘नुकतीच मेलेली’ समजून हात लावायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी हिशेबाच्या खोलीतील संगणकावर कोणी अहवाल उघडून तसाच सोडला होता आणि त्याचा व्यवहार दोन दिवस उघडाच राहिला होता. रिकाम्या बसलेल्या व्यवहाराला मुदत घालणारी सेटिंग 9.6 मध्येच आलेली होती. ती आम्ही लावली नव्हती, हा दोष आमचा.

तेवढ्यावर काम भागले असते, पण त्याच फोल्डरमध्ये ‘हॉट’ या युक्तीवरची रीडमी होती. ती 2008 च्या 8.3 आवृत्तीत आली. बदललेल्या ओळीतील इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असलेला कोणताही रकाना बदललेला नसेल आणि त्याच 8 केबीच्या पानावर (डेटा साठवण्याच्या ठरावीक तुकड्यावर) जागा शिल्लक असेल, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही आणि जुन्या ओळींची जागा व्हॅक्यूमची वाट न पाहता मोकळी होऊ शकते. आम्ही ‘शेवटची नोंद’ या वेळेच्या रकान्यावरच हौसेने इंडेक्स घातला होता, म्हणजे प्रत्येक बदलाला ही वाट बंद! तो इंडेक्स काढला आणि पान किती टक्के भरायचे ते ठरवणारा फिलफॅक्टर 100 वरून 70 केला, जेणेकरून प्रत्येक पानावर थोडी जागा राखीव राहील. त्यानंतर ते टेबल एका एमबीच्या पुढे गेलेले नाही. या सगळ्यात सर्व्हरच्या कोडमधील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

बदलले ते दुसऱ्या ठिकाणी, आणि त्याचा पश्चात्ताप झाला. डेटाबेस तयार करताना आम्ही ‘सी’ कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम) निवडले होते. त्यात अक्षरे युनिकोडमधील क्रमांकाप्रमाणे लागतात, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे पगारपत्रकात ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीद’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येई. आमच्या दिवाणजींना हे अजिबात मान्य नव्हते. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, असे ते दर शनिवारी ऐकवत. शेवटी मी मजकुराची तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये चाळीसेक ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला स्वतःचा बदल, घातला. चाचण्या निर्धोक पार पडल्या (त्यांत देवनागरीचा प्रश्नच नव्हता), इंडेक्स नव्याने बांधले, आणि ‘काळे’ शोधल्यावर उत्तर आले की असे कोणी नाही. कारण असे की, क्रम लावताना सर्व्हर ‘सी’ कोलेशनसाठी तुलनेचा वेगळा, जलद मार्ग घेतो. इंडेक्स बांधला गेला त्या मार्गाने, म्हणजे जुन्या क्रमाने, आणि शोध झाला माझ्या नव्या क्रमाने. त्या शनिवारी पगाराला दुपार झाली.

पॅच दोन्ही ठिकाणी घालून तो सांभाळत राहिले. मोठ्या आवृत्तीला तो पुन्हा बसवायचा, आजूबाजूचा कोड हलला असेल तर हाताने जुळवायचा, इंडेक्स पुन्हा बांधायचे. 2019 मध्ये 11 वर जाताना आवृत्तीची माहितीपत्रके नीट वाचली, तेव्हा कळले की 2017 च्या 10 या आवृत्तीपासूनच आयसीयू या युनिकोडविषयक लायब्ररीचे कोलेशन उपलब्ध होते आणि मराठीचे त्यात तयारच होते. रकान्याला ते एका ओळीत लावता येते. शिवाय त्या कोलेशनची आवृत्ती सर्व्हर नोंदवून ठेवतो आणि पुढे ती बदलली तर इशारा देतो, जे माझ्या पॅचला कधीच जमले नसते.

सोर्स कोड स्वतः कंपाइल करून (त्यापासून चालता प्रोग्राम बनवून) वेग वाढवण्याचा नाद मी काही काळ केला. कंपायलरची ‘ओ-टू’ ही वेगाची पातळी सोडून वरची ‘ओ-थ्री’ लावून आमच्या कामावर मोजण्याजोगा फरक पडला नाही. उलट एकदा तपासणीसाठी चालू केलेली असर्शन (कोडमधील अंतर्गत पडताळण्या) बंद करायला विसरले आणि अकरा दिवस कारखान्याचा मुख्य सर्व्हर तसाच रखडत चालला. तेव्हापासून तयार पॅकेज वापरते, आणि स्वतः कंपाइल केलेली प्रत फक्त वाचायला आणि डीबग करायला ठेवते.

तक्रारी आहेत. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया उभी करण्याची जुनी पद्धत अजून कायम आहे, त्यामुळे जोडण्या वाढल्या की मध्ये पूलर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवावा लागतो. व्यवहारांचे क्रमांक 32 बिटांचे असल्याने ते संपून पुन्हा सुरुवातीपासून येतात, म्हणून जुन्या ओळी ‘फ्रीझ’ करण्याचे काम टळत नाही. मूळ सेटिंग तर आजही फार भित्री आहे: सामायिक मेमरी 128 एमबी आणि क्रम लावण्यासाठी 4 एमबी, एवढ्यावर नवखा माणूस सर्व्हर मंद म्हणून परत पाठवील. मोठ्या आवृत्तीवर गेल्यानंतर प्लॅनरची (प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्ग ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी नव्याने गोळा होईपर्यंतचे पहिले तास मला नेहमीच नकोसे वाटत आले. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 18 मध्ये ती बव्हंशी टिकवून नेण्याची सोय झाली आहे.

पाचपैकी साडेचार गुण देते. सी भाषा वाचू शकणारा एक तरी माणूस असलेल्या कारखान्याने हा सर्व्हर घ्यावा. असा माणूस नसेल तरी घ्यावा, पण मग वर सांगितलेल्या सेटिंग जाणकाराकडून लावून घ्याव्यात. स्वतःचा पॅच घालण्याआधी मागच्या दोन-तीन आवृत्त्यांची माहितीपत्रके मात्र वाचावीत. आमचे 18 वर जाणे संक्रांतीला ठरले आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत माग बंद असतात आणि दिवाणजीही गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, असतात, त्यामुळे मला सलग वेळ मिळेल.